सोळा जुलैचा शिक्का

आमच्या शेजारचे भीमसेनराव हिटलरची तिकिटं जमवतात, असं मी प्राचीला फोनवर सांगितलं तेव्हा ती पुण्याहून म्हणाली, आई, तू फ्लॅट बदल. प्राची माझी मुलगी. तिला नळ गळतो म्हटलं तरी फ्लॅट बदलणं हाच उपाय सुचतो. मी तिला समजावलं, की त्या माणसापासून कुणाला काही धोका नाही. सकाळी कॉफी पितो, चिमटा आणि भिंग घेऊन खिडकीशी बसतो, दुपारी रसम-भात जेवून झोपतो. हिटलरशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मी प्रमोदिनी, मूळची मिरजेची. लग्न होऊन ब्याऐंशी साली मद्रासला आले, तेव्हापासून तांबरममध्येच आहे. आमचे हे, म्हणजे शरदचंद्र, केंद्र सरकारच्या एका ऑफिसात नुंगंबाक्कमला होते. रोज लोकलनं जायचे-यायचे. तीन वर्षांपूर्वी गेले. आता मी, समोरच्या दारात भीमसेनराव आणि त्यांची बायको कनका, आणि खाली आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी गुरुमूर्ती, जो जिन्यात चप्पल दिसली तरी नोटीस लावतो. एवढंच आमचं जग.

भीमसेनराव आणि कनका तंजावरची मराठी माणसं. ह्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आले आणि येताना जी भाषा आणली तीच अजून वापरतात. मी केलों, मी सांगिटलों, आणि मध्येच 'बरं' म्हणायला तमिळ सेरी. नव्यानं शेजारी आले तेव्हा दोन वर्षं मी त्यांचं मराठी सुधारत होते. एक दिवस ते शांतपणे म्हणाले, की त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आहे, तेव्हा सुधारायचंच असेल तर मी माझं सुधारावं. मी कानाला खडा लावला. माझ्या नाकावर राग असतो हे खरं, पण बरोबर बोलणाऱ्याशी मी भांडत नाही. निदान तेव्हा तशी माझी समजूत होती.

भीमसेनराव अडतीस वर्षं पोस्टात होते. तिथून सुटल्यावर माणूस पत्रांचं तोंड पाहणार नाही असं वाटेल, पण ह्यांच्या कपाटात अकरा अल्बम आहेत, आणि अकराही जर्मनीचे, एकोणचाळीस ते पंचेचाळीस, युद्धातले. त्यांना जर्मन येत नाही. कधी गेलेही नाहीत. एकदा गुरुमूर्ती दारातून डोकावला, त्याला अल्बममध्ये ती मिशी दिसली आणि तो जाब विचारायला आत आला. असल्या माणसाचे फोटो बिल्डिंगमध्ये कशाला, असं त्याचं म्हणणं. भीमसेनरावांनी त्याला बसवलं, भिंग हातात दिलं आणि सांगितलं, की ते मुंडकं बघतच नाहीत. त्या मुंडक्यावर जो काळा शिक्का आहे तो बघतात. तो ज्यानं मारला त्या कारकुनासाठी हा सगळा खटाटोप. शहरावर रात्रभर बाँब पडायचे आणि सकाळी तो कारकून येऊन शिक्क्यातली तारीख बदलायचा, आणि त्या माणसाच्या तोंडावर शाई मारायचा. गुरुमूर्तीनं बराच वेळ भिंगातून पाहिलं. खाली गेल्यावर त्यानं नोटीस लावली नाही.

मी शाळेत असताना आम्ही तिकिटं बशीतल्या पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवायचो आणि वहीत चिकटवायचो. हे मी कौतुकानं सांगितलं तर भीमसेनरावांचा चेहरा असा झाला, की जणू मी मांजर बुडवल्याचं कबूल केलं. तिकीट सोडवलं की अर्धा शिक्का तिकिटावर राहतो, अर्धा पाकिटावर, आणि पाकीट जातं केरात. मग काय उरलं, असं त्यांचं विचारणं. त्यांना अख्खं पाकीट लागतं. आणि त्यातही सगळ्यांना हवी असतात तसली सुंदर पाकिटं नकोतच. त्यांना हवी असतात चुकलेली.

म्हणजे असं. पत्र टाकलं की टाकलेल्या पोस्टात तिकिटावर शिक्का पडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जुन्या काळी पत्र जिथून वाटलं जायचं त्या पोस्टातही एक शिक्का पडायचा, पाकिटाच्या मागच्या बाजूला, पोचल्याच्या तारखेचा. आपल्याकडेही तसंच होतं. पुढं नऊ तारीख आणि मागं दहा, हे झालं शहाणं पत्र. पण क्वचित एखाद्या पाकिटावर पुढं नऊ असते आणि मागं आठ. म्हणजे पत्र निघायच्या आधी पोचलं. याचा अर्थ इतकाच, की पुढचा शिक्का मारणाऱ्यानं त्या दिवशी तारीख चुकीची लावली. पत्रं एका पोस्टात चुकतात, दुसऱ्या पोस्टात पकडली जातात.

असली युद्धातली जर्मन पाकिटं भीमसेनरावांनी तीस-पस्तीस वर्षांत एक्केचाळीस गोळा केली. ती कुणालाच नको असतात. नुंगंबाक्कमला महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिकीटवाल्यांची बैठक भरते, तिथले विक्रेते असलं पाकीट सापडलं तर यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतात, जसं भाजीवाली गाईसाठी पाला ठेवते. पाकीट हातात आलं की भीमसेनराव आधी उलटं करतात. लग्नपत्रिका आली तरी आधी उलटी करतात. कनका म्हणते, यांना मुलगी दाखवायला आणली असती तर पाठमोरी उभी राहायला सांगितली असती.

आता माझं दुखणं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शहाऐंशी साली नुंगंबाक्कमच्या एका शाळेत मराठी आणि हिंदी शिकवायला बाई हवी होती. मद्रासमध्ये मराठीची जागा निघते म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मी बी.एड. होते, चार वर्षं घरात पोळ्या लाटत होते, आणि ती नोकरी माझीच आहे असं मला मनोमन वाटत होतं. अर्ज पोस्टानंच पाठवावा असं जाहिरातीत होतं, नाहीतर ह्यांच्या ऑफिसपासून शाळा चालत सात मिनिटांवर. पंधरा जुलैपर्यंतचा पोस्टाचा शिक्का चालणार होता. मी चौदाला सकाळी पाकीट ह्यांच्या हातात दिलं आणि बजावलं, की स्टेशनवर जाताना कोपऱ्यावरच्या पोस्टात टाका, विसरू नका. संध्याकाळी विचारलं. टाकलं, म्हणाले.

आठ दिवसांनी पाकीट परत आलं, न उघडताच. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, मुदतीनंतर. आणि तिकिटावर गोल, ठसठशीत शिक्का: सोळा जुलै.

हे म्हणाले, मी चौदालाच टाकलं. मी म्हटलं, मग शिक्का खोटं बोलतो का? हे म्हणाले, ते मला माहीत नाही, मी चौदाला टाकलं. आता सांगा, एका बाजूला सरकारी शिक्का आणि दुसऱ्या बाजूला असा नवरा, जो दळण आणायला जाऊन पिशवी गिरणीत विसरून यायचा. माणूस कुणावर विश्वास ठेवील? दोन दिवस बॅगेत पडून राहिलं असणार आणि आठवल्यावर सोळाला टाकलं असणार, असा माझा निकाल. मी ते पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं, पुरावा म्हणून.

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. मी पुढं पस्तीस वर्षं घरी शिकवण्या केल्या, आणि वाईट केल्या नाहीत. पण ते पाकीट मी विसरले नाही आणि ह्यांना विसरू दिलं नाही. हे उशिरा आले, सिलिंडरचा नंबर लावायला विसरले, प्राचीच्या शाळेच्या सभेला पोचले नाहीत, की मी कपाट उघडायची, पाकीट ह्यांच्या नाकासमोर धरायची आणि परत ठेवायची. त्यांच्या हातात कधी दिलं नाही. पुरावा आरोपीच्या हातात देत नाहीत.

दरवेळी ते एकच वाक्य म्हणायचे. मी चौदालाच टाकलं. आवाज चढवायचे नाहीत, तेच वाक्य, तितकेच शब्द. पण शेवटच्या वर्षी, आजारपणात, मी औषधाच्या गोळीवरून काहीतरी बोलले आणि सवयीनं तो विषय काढला, तेव्हा ते छताकडे बघून म्हणाले, "असेल. सोळालाच टाकलं असेल." मला फार बरं वाटलं. छत्तीस वर्षांनी माणूस कबूल झाला. त्या दिवशी मी शिरा केला, आणि त्यांनीही दोन घास खाल्ले.

यंदा जानेवारीत भीमसेनराव प्रदर्शनाची तयारी करत होते. नुंगंबाक्कमलाच एका सभागृहात तिकिटांचं प्रदर्शन होतं आणि त्यांना एक चौकट मिळाली होती, सोळा पानांची. पानं लावायला मी मदत करत होते, कारण माझं अक्षर चांगलं आहे. त्यांनी एक पाकीट दाखवलं, पुढं नऊ मार्च, मागं आठ मार्च, आणि कारकुनाच्या चुकीबद्दल इतक्या मायेनं बोलायला लागले, की मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुमच्या जर्मनीत कारकून चुकतात, आमच्याकडे नवरे चुकतात. थांबा, दाखवते. आणि घरी जाऊन पाकीट घेऊन आले.

कोपऱ्यावरच्या त्या पोस्टात भीमसेनराव कधीकाळी होते हे मला माहीत होतं. एका खोलीचं पोस्ट, आता बंदही झालं. पण चूक पोस्टात असू शकते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. चूक माझ्या घरात होती, आणि ती कुठल्या खुर्चीत बसायची हेही मला ठाऊक होतं.

भीमसेनरावांनी पाकीट घेतलं आणि सवयीनं आधी उलटं केलं. भिंग लावलं. मग सुलटं केलं. मग परत उलटं केलं. चिमटा खाली ठेवला. मला विचारलं, की हे पाकीट आजची रात्र त्यांच्याकडे राहू दे का. मी म्हटलं राहू द्या, एवढी वर्षं साड्यांखाली होतं, एक रात्र जर्मन लोकांत राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार वाजलं. भीमसेनराव, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंध. मागं कनका. असे ते फक्त मुंजीला जातात. आत आले आणि उभेच राहिले. पाकीट माझ्यापुढं धरलं, पाठ वर करून. मागं कोपऱ्यात एक फिकट शिक्का होता, वितरण करणाऱ्या पोस्टाचा. भिंगातून मीच वाचला. पंधरा जुलै.

मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं. सोळाला टाकलेलं पत्र पंधराला पोचत नाही. शाळेतही कुणीतरी नंतर गठ्ठा चाळताना पुढचीच बाजू पाहिली असणार.

"तो शिक्का मी मारलों, ताई," भीमसेनराव म्हणाले.

मग त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. शहाऐंशी साली ते सव्वीस वर्षांचे होते आणि त्या पोस्टात एकटेच कारकून. त्यांच्यात पूर्वी अशी रीत होती, की मुलीकडचा माणूस कुणाला न सांगता मुलाच्या नोकरीच्या जागी जायचा आणि मुलगा कसा दिसतो, कसा बोलतो हे पाहून यायचा. कनकाचे वडील चौदा जुलैला अंतर्देशीय पत्र घ्यायच्या निमित्तानं येणार ही बातमी फुटली होती. भीमसेनरावांना जाड चष्मा. आईनं सकाळी तो काढून ठेवायला लावला. शिक्क्यातले तारखेचे आकडे उलटे कोरलेले असतात आणि तांदळाएवढे असतात. त्यांनी ते चष्म्याशिवाय बसवले. चौदाच्या जागी सोळा बसलं. पोस्टात रोज सकाळी तारीख लावली की एका वहीत ठसा उमटवून सही करायची असते. ती सहीसुद्धा त्यांनी न दिसणाऱ्या सोळावर केली. दुपारी पोस्टमननं पाहिलं तोवर सकाळची थैली गेली होती. त्रेपन्न पत्रं. त्यांनी वहीत चूक लिहिली, वरून मेमो आला, आणि खात्याच्या दृष्टीनं प्रकरण संपलं. पण त्रेपन्न पत्रं कुणाची होती आणि त्यांचं काय झालं हे त्यांना कधीच कळलं नाही. पुढं दोन वर्षांनी तिकीटवाल्यांच्या बैठकीत एक जर्मन पाकीट हाती आलं, पुढं एक तारीख, मागं तिच्या आधीची. ते त्यांनी घेतलं, आणि मग घेतच गेले.

"त्या कारकुनांवर बाँब पडत होते, ताई," ते म्हणाले. "माझ्यावर काहीच पडत नव्हतं. मुलीचे वडील येणार होते."

कनका नवऱ्याकडे न पाहता मला म्हणाली, की तिच्या वडिलांनी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, मुलाच्या नाकावर चष्म्याचे दोन खड्डे आहेत, नजर अधू आहे, पण मुलगा बरा आहे. म्हणजे चष्मा काढूनही काही लपलं नव्हतं. हे भीमसेनरावांनाही एकोणचाळीस वर्षांत प्रथमच कळत होतं. तेव्हा कुठं ते खुर्चीवर बसले.

मी काय करायला हवं होतं? नोकरी गेली या माणसामुळं. मला राग आला, खूप आला, खोटं कशाला बोलू. मी त्यांना विचारलं, की तुम्ही तेव्हाच शाळा-ऑफिसांना कळवलंत का नाही. ते म्हणाले, भ्यालों. पण रागानं तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की तो राग त्यांच्यावर फार वेळ टिकत नाहीये. तो कपाटाकडे निघाला होता, साड्यांकडे, तिथं जिनं पाकीट ठेवलं तिच्याकडे. भीमसेनरावांनी एक सकाळ चष्मा काढला. मी छत्तीस वर्षं चष्मा लावून एकच बाजू बघत बसले. एकदा उलटं केलं असतं, एकदाच ह्यांच्या हातात दिलं असतं, तर. आणि शेवटी ह्यांनी मान्य केलं ते काय होतं, तेही मला तेव्हा समजलं. न केलेला गुन्हा कबूल केला त्या माणसानं, घरात जरा शांतता व्हावी म्हणून. आणि मी त्याचा शिरा केला.

मी रडले. कनकानं कॉफी केली, माझ्याच स्वयंपाकघरात, साखर जास्त घालून.

भीमसेनरावांनी विचारलं, हे पाकीट प्रदर्शनात लावू का, शेवटच्या पानावर, खाली खरं काय ते लिहून. मी म्हटलं लावा, पण खालचा मजकूर मी लिहिणार. त्यांनी आठवण करून दिली, की विषय युद्धकालीन जर्मनी आहे आणि हे बसत नाही, परीक्षक गुण कापतील. मी म्हटलं, कापू देत. ते म्हणाले, सेरी.

परीक्षकांनी गुण कापले. शेरा आला, अखेरचं पान विषयाबाहेरचं. भीमसेनरावांना पदक मिळालं नाही, नुसतं प्रमाणपत्र मिळालं. त्यांनी ते आधी उलटं करून पाहिलं.

मी तांबरमहून लोकलनं नुंगंबाक्कमला गेले, ह्यांच्याच वेळेच्या गाडीनं. सभागृहात गर्दी नव्हती. पंधरा पानं जर्मनीची, आणि सोळाव्या पानावर आमचं पाकीट, दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून मागं आरसा लावलेला. खाली माझ्या अक्षरात तीन ओळी होत्या. पुढचा शिक्का सोळा जुलै, चुकीचा, मारणारा कारकून भीमसेन राव. मागचा शिक्का पंधरा जुलै, बरोबर. पत्र टाकणारे शरदचंद्र, चौदा जुलै एकोणीसशे शहाऐंशी, सकाळी.

शेजारी एक कॉलेजातली मुलगी वाचत होती. ती पुढं सरकेपर्यंत मी थांबले. मग काचेजवळ जाऊन हळूच म्हटलं, "चौदालाच टाकलं होतंत." ते असते तर लगेच म्हणाले असते, मी काय सांगत होतो.